जुना प्रिंटर, नवी खाच

गोखिवऱ्याच्या गाळ्यात लॅपटॉप आला आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पोरका झाला. त्याच्या रुंद पॅरलल प्लगला लॅपटॉपवर जागाच नाही. प्रिंटर मात्र ठणठणीत. शिवाय चलनाच्या तीन प्रती एका फटक्यात उमटवायच्या तर सुया कागदावर आपटायलाच हव्यात. ते लेझरचं काम नव्हे.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-ते-पॅरलल केबल आणली. लॅपटॉपवर मुद्दाम ३२-बिट विंडोज टाकलं होतं, कारण ६४-बिटवर डॉसचे जुने १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. विंडोजला प्रिंटर लगेच दिसला. बिलाचा डॉस प्रोग्राम मात्र 'एलपीटी१' हे पॅरलल पोर्टाचं नाव शोधत बसला. ही केबल खरा पॅरलल पोर्ट तयार करत नाही, फक्त यूएसबी प्रिंटर दाखवते. मग प्रिंटर शेअर केला, 'नेट यूज' आदेशाने 'एलपीटी१' त्याच्याकडे वळवलं आणि एकदाची खरखर सुरू झाली.

मनात घोळत राहिलं, की नुसत्या पिना जुळून भागत नाही. पीएस/२ कीबोर्डचंही तेच. साधा अडॅप्टर पीएस/२ आणि यूएसबी या दोन्ही पद्धती जाणणाऱ्या कीबोर्डलाच चालतो. बाकीच्यांना मधे दुभाष्यासारखी चिप लागते.

यूएसबी १९९६ साली आलं ते पोर्टांचा हा गोतावळा आवरायलाच. ते घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. गोतावळा आवरला, पण गाळ्यांतली यंत्रं अजून कामावर आहेत. म्हणून आता केबल घेण्याआधी मी एवढंच बघतो, की प्रोग्राम कोणत्या पोर्टाला हाक मारतो. प्लगचा आकार नंतर.