ओळखपरेड

बडोद्यात जुना सीलिंग फॅन दोघांकडे मिळतो. एक तो किलोवर विकतो, दुसरा 'अँटिक' म्हणून. पहिल्याला आजचा तांब्याचा भाव तोंडपाठ असतो, दुसऱ्याला मुंबई-पुण्यातल्या कॅफेवाल्यांचा. माझं पटतं ते पहिल्याशी. शुक्रवारी बाजारात तो पाती एका ढिगात आणि मोटरी दुसऱ्या ढिगात टाकून बसतो. विचारलं तर "चालू छे साहेब, लई जाव" एवढंच म्हणतो. पंखा चालू नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. पण त्याने पंख्याला हात लावलेला नसतो, हे माझ्या दृष्टीने मोलाचं. अँटिकवाला पंखा आधी बफिंगला पाठवतो. पितळी वाटी लखलखते, बिडाच्या बॉडीवर काळा डुको चढतो आणि त्या भानगडीत ओळखीच्या खुणा साफ होतात. मग तो सांगेल ते नाव आणि तो म्हणेल ते साल.

बॉडीवर रिव्हेट मारलेली पाटी शाबूत असली की निम्मं काम झालं असं नवशिक्याला वाटतं. पाटीवर पुष्कळ काही असतं, हे खरं. 'क्रॉम्प्टन पार्किन्सन' असेल तर पंखा १९६६च्या आधीचा धरायला हरकत नाही. त्या साली विलीनीकरण होऊन 'क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज' हे नाव आलं. माप इंचांत आहे की मिलिमीटरमध्ये, तेही बघायचं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. पुढच्या काही वर्षांत ४८ इंचांचा पंखा कागदोपत्री १२०० मिलिमीटरचा झाला. दुकानात मात्र तो आजही अठ्ठेचाळीसचाच आहे. आयएसआयचा शिक्का असेल तर पंखा १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता. पत्त्यात 'कॅलकटा' असेल तर २००१च्या आधीचा. पण एवढ्या माहितीवर कोणी हुशारी मारू नये.

आमचं रेल्वेचं गाव, त्यामुळे रेल्वेच्या खुणाही हाती लागतात. 'बी.बी. अँड सी.आय.' अशी अक्षरं ठोकलेली असली तर वस्तू १९५१च्या आधीची, कारण त्या वर्षी पश्चिम रेल्वे झाली. 'जी.बी.एस.आर.' म्हणजे गायकवाड बडोदा स्टेट रेल्वे. ती १९४९ मध्ये बी.बी.सी.आय.मध्ये गेली. डब्यातले जाळीचे छोटे पंखे पुष्कळदा ११० व्होल्ट डीसीचे. घरात लावले तर जळतात, म्हणून चोरांच्याही फारसे कामाचे नाहीत असं जुने फिटर सांगत. लिलावाची पावती नसेल तर मी त्यांना हात लावत नाही. ज्यांना लावायचा असेल त्यांनी लावावा आणि आरपीएफच्या चहाची चव घेऊन यावं.

आता खरी अडचण. आपल्याकडे पंखा तीस-चाळीस वर्षं एका छताला राहतो, पण अखंड राहत नाही. पाती वाकली की दुसऱ्या पंख्याची बसवतात. वाइंडिंग जळालं की बांधून घेतात. दिवाळीच्या रंगकामात पाटीसकट सगळा पंखा क्रीम रंगात न्हाऊन निघतो, आणि पुढच्या दुरुस्तीत ती पाटी कोणीतरी काढून दुसऱ्याच बॉडीवर ठोकतो, कारण दुसऱ्या बॉडीला पाटी नाही म्हणून ती 'बिनकंपनीची' वाटते. त्यामुळे पाटी ही साक्षीदारांपैकी एक, आणि तीही थोडी फितूर होऊ शकणारी. ओळख पटवायची तर एकेका भागाची वेगळी जबानी घ्यावी लागते.

मी सुरुवात वरच्या वाटीपासून करतो. ती दांडीवरून खाली सरकवली की तिच्या आतल्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश कधी पोचलेला नसतो. कारखान्याचा मूळ रंग तिथे सापडतो: गडद तपकिरी, काळा, कधी शेवाळी झाक असलेला हिरवा. बाहेर चार थर असतील तरी आत एकच. मग पाती. प्रत्येक पात्याच्या मुळाशी, जिथे ते बॉडीला बसतं तिथे, ठोकलेला आकडा शोधायचा. पाती वजनाने जुळवून संच करतात, नाहीतर पंखा डुलतो. तिन्ही पात्यांवर एकच आकडा असेल तर संच तुटलेला नाही. तो आकडा बॉडीशीही जुळला तर मी त्या दिवशी घरी येताना जिलबी घेतो. पात्याच्या टोकापासून दांडीच्या मध्यापर्यंत टेप धरून येईल त्याची दुप्पट केली की पंख्याचं माप. आकडा भलताच आला तर पाती दुसऱ्याच्या घरची.

नंतर स्क्रू. हे काम कंटाळवाणं, पण इथेच खूप काही कळतं. इंग्रजी घडणीच्या जुन्या पंख्यांत विटवर्थचे किंवा बीएचे (ब्रिटिश असोसिएशनचे) आटे असतात. विटवर्थचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. पाच अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, आट्यांचा गेज लावला की प्रकाशाची फट दिसते. आमच्याकडचे मिस्त्री अजून 'तीन सूत', 'चार सूत' असंच बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिकचा स्क्रू विटवर्थच्या भोकात जबरदस्तीने फिरवलेला दिसला की समजायचं, इथे कोणीतरी घाईत होतं.

दांडी मी टाकून देत नाही. बहुतेक संग्राहक देतात, कारण ती न्यायला अडचणीची. पण पंखा कुठून आला ते तीच सांगते. सहा-सात फुटांची दांडी म्हणजे शाळा, कचेरी, न्यायालय. सयाजीरावांच्या काळातल्या इमारतींची छतं उंच; १८९६चं न्यायमंदिर आतून पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. आणि वीतभर दांडी म्हणजे वाडा. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांत मधल्या माळ्याची उंची इतकी बेताची, की उंच माणसाने बंडी अंगातून काढताना हात सांभाळावे. तिथे पंख्याचा हूक सागवानी तुळईला, आणि बहुधा शेजारीच झोपाळ्याच्या दोन कड्या. झोपाळा आणि पंखा एकमेकांना आपटू नयेत म्हणून दांडी कापून घेतलेली असते. कापलेल्या टोकाला करवतीची खूण राहते आणि आटे नव्याने पाडलेले असतात, मूळच्यापेक्षा उथळ.

एसी की डीसी, हा प्रश्न जुन्या पंख्याबाबत सर्वात आधी सोडवावा. गावोगावी वीज आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी ती डीसी होती. कोलकात्यात १८९९ मध्ये वीज सुरू झाली आणि तिथल्या काही भागांत डीसी फार उशिरापर्यंत टिकली. पंख्यांचे कारखानेही त्या शहरात पुष्कळ: जय इंजिनिअरिंगचा उषा, ओरिएंट, खेतान, पोलर. पुण्याच्या मॅचवेलची आठवण काढली की माझ्या पिढीचे पुणेकर खूश होतात, मुंबईकर रॅलीफॅनचं नाव घेतात. पण संग्रहात हाताला जास्त लागतो तो कोलकात्याचाच माल. डीसीचा पंखा हाताने फिरवला की कार्बन ब्रश कम्युटेटरवर घासल्याची बारीक खरखर ऐकू येते आणि तो लवकर थांबतो. एसीचा मुका फिरत राहतो. एसीच्या वाइंडिंगमधून तीन तारा बाहेर येतात. मीटरवर तिघींचे जोड्या-जोड्यांनी ओहम मोजायचे. ज्या जोडीत सर्वात मोठा आकडा येतो ती रनिंग आणि स्टार्टिंग, आणि उरलेली कॉमन. मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला नाही तर आत काहीतरी बिघडलेलं आहे.

डीसीचा पंखा आजच्या विजेवर चालवता येतो. ब्रिज रेक्टिफायर लावला की २३० व्होल्ट एसीमधून सरासरी २०७ व्होल्ट डीसी मिळतो, २२० व्होल्टच्या पंख्याला तो पुरतो. यात शहाणपणा करून 'वीज गुळगुळीत व्हावी' म्हणून मोठा कॅपॅसिटर घालणारे भेटतात. मग तोच दाब ३२५च्या आसपास जातो, आणि सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेलं वाइंडिंग धूर सोडतं. जुन्या एसी पंख्यांतले पत्र्याच्या डब्याचे कंडेन्सर मात्र मी उघडत नाही आणि कोणी उघडूही नयेत. त्या काळच्या काही कंडेन्सरमध्ये पीसीबी हे विषारी तेल भरलेलं असे.

हे सगळं झालं की बॉडी उघडायची. इथे मात्र घाई नको. तेलाच्या बेअरिंगचा पंखा असेल तर उलटा करण्याआधी तेल काढून घ्यावं, नाहीतर ते वाइंडिंगवर जातं. वरचं झाकण सैल झालं की आधी वास येतो, जुन्या व्हार्निशचा, किंचित गोडसर आणि जळका. आतमध्ये स्थिर गाभा, त्याच्याभोवती फिरणारी कडी. मूळ वाइंडिंग असेल तर कधी तारेवर सुताचं वेष्टण दिसतं, खाचांत ठिसूळ झालेला कागद, सांध्यांवर पिवळं पडलेलं एम्पायर क्लॉथ. नंतरच्या बांधणीत लेदरॉइड, त्याहून नंतरच्या बांधणीत मायलर. तारेच्या जाडीचा नंबर अजून एसडब्ल्यूजी या इंग्रजी गेजमध्येच बोलतात. बांधणाऱ्याची सवय गाठीत दिसते: कोणी दोऱ्याची गाठ प्रत्येक खाचेवर मारतो, कोणी एक सोडून एक.

तार बदलता येते, गाभ्याच्या पत्र्यांना पाडलेल्या खाचा बदलता येत नाहीत. त्या स्टॅम्पिंगची डाय कारखान्याची. खाचांची संख्या, गाभ्याचा व्यास आणि पत्र्यांच्या थप्पीची उंची, हे तीन आकडे मी प्रत्येक पंख्याचे वहीत लिहून ठेवतो. पाटी असलेल्या, खात्रीच्या पंख्यांचे आधी लिहिले, आणि आता पाटी नसलेले त्यांच्याशी ताडून बघतो. पोल मोजले की चालही कळते. पन्नास सायकलच्या विजेवर चौदा पोलच्या मोटरचं चुंबकी चक्र मिनिटाला ४२८ फेरे घेतं, अठरा पोलचं ३३३. पंखा त्याच्या थोडा मागे राहतो. रुंद पात्यांचे जुने पंखे संथ का वाटतात, त्याचं अर्धं उत्तर त्या खाचांत आहे. उरलेलं अर्धं पात्यांच्या रुंदीत.

माझे काही संग्राहक मित्र एवढ्यावर समाधानी नसतात. त्यांना पंखा 'ओरिजिनल' हवा. उषाच्या बॉडीवर ओरिएंटची पाती दिसली की ते नाक मुरडतात, जुळणारा संच सापडेपर्यंत पंखा पोत्यात ठेवतात, आणि दुरुस्तीत बांधलेलं वाइंडिंग उपटून सुताची तार शोधत फिरतात. मला हे पटत नाही. कारखान्यातून निघाला तसा पंखा हवा असेल तर खोक्यातला, न वापरलेला शोधावा. जो पंखा माणसांच्या डोक्यावर फिरला, त्याला दुरुस्त करणाऱ्यांचाही त्याच्यात वाटा आहे. आणि बडोद्यात हा वाटा हलका नाही. १८९० मध्ये कलाभुवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं. पुढे ज्योतीसारखा मोटरी आणि पंपांचा कारखाना आला, रेसकोर्सवर गुजरात वीज मंडळाचं मुख्यालय आलं, १९७४ मध्ये मकरपुऱ्याची एर्डा ही विजेच्या उपकरणांची संशोधन संस्था. अशा गावात मोटर बांधणाऱ्याला काम कमी नव्हतं, आणि चुकीचं काम ओळखणारी गिऱ्हाइकंही होती. गाभ्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली तारीख, तारेचा नंबर आणि वेढ्यांची संख्या मी पाहिली आहे. पुढच्या दुरुस्तीत दुसऱ्या मिस्त्रीला पुन्हा मोजावं लागू नये म्हणून बांधणाऱ्याने ती लिहून ठेवली. ती खरवडून काढून कंपनीचं 'मूळ रूप' आणणं म्हणजे एका कारागिराला मान द्यायला दुसऱ्याचं नाव पुसणं.

टांगण्याच्या बाबतीत मात्र मी जुन्यापणाला मान देत नाही. हुकावरचा रबरी गुटका नवा, कॉटर पिन नवी, वायर नवी, अर्थिंग वेगळं ओढलेलं, आणि दांडीतून वर छताच्या दुसऱ्या हुकाला बांधलेली स्टीलची दोरी. बिडाची बॉडी डोक्यावर पडली तर ती कोणत्या साली घडवली याने फरक पडत नाही. विजेचा हिशेबही सरळ आहे: आजचा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास भागवतो, माझे जुने त्याच्या अडीच-तीनपट खातात. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. माझ्या संग्रहातल्या एकालाही अर्धा स्टार मिळणार नाही. म्हणून झोपायच्या खोलीत नवा पंखा आहे आणि जुने पाळीपाळीने फिरतात, महिन्यातून एकदा, बेअरिंग जाम होऊ नये म्हणून.

सध्या टेबलावर जो आहे तो वाडी भागातल्या एका मावशींनी दिला. "भंगारात घालू नकोस, एवढंच," म्हणाल्या. पाटी नाही, रिव्हेटची दोन भोकं तेवढी आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर माझ्याकडच्या क्रॉम्प्टन पार्किन्सनच्या पाटीशी जुळतं. खाचाही जुळतात, थप्पी मात्र दोन पत्र्यांनी कमी भरते. पाती उषाची, त्यांतलं एक बाकीच्या दोघांच्या संचातलं नाही. दांडी दोनदा कापलेली. वहीत लिहिलंय: बॉडी बहुधा क्रॉम्प्टन, १९६६च्या आधीची, थप्पी पुन्हा मोजणे. पाती उषा, दोन अधिक एक. वाइंडिंग बडोदे, कोरलेली तारीख १२-४-७१, मिस्त्रीचं नाव नाही.