चौदा बेटांवरील एक दिवस

नौपाड्याला मासुंदा तलावाचे सान्निध्य आहे. स्टॉकहोम मात्र अवघेच पाण्याच्या कुशीत, १४ बेटांवर वसले आहे. सकाळ गामला स्तानच्या अरुंद दगडी गल्ल्यांत सरते. दुपारी नोबेल मेजवानीचे नगरभवन पाहावे. परंतु दिवसाचे सार वासा संग्रहालयात आहे. १० ऑगस्ट १६२८ रोजी ही राजनौका पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाली. तोफांचा भार वर, तळाचा भार अपुरा! सुमारे ३० जीव गेले. १९६१ साली ती वर काढण्यात आली. वैभवालाही पाया लागतो, हे तिथे उमगते.

येथे जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, डिसेंबरात दुपारी तीनपूर्वीच. चौविहार पाळणाऱ्या प्रवाशाने हिवाळ्यात सायंभोजन दुपारीच उरकावे.