हात मागे, डोळे पुढे

महिनाभर हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मग एका ठरलेल्या संध्याकाळी, समजा दुसऱ्या मंगळवारी, इंग्लंडातल्या एखाद्या गावच्या सार्वजनिक हॉलमध्ये प्रकट होतो. सकाळी त्याच हॉलमध्ये बालवाडी भरलेली असते, उद्या तिथे रक्तदान असतं. सात वाजता घडीची टेबलं उघडली जातात, चहाचा बंब तापायला लागतो आणि दारातून खोकी आत येऊ लागतात. बुटांची, केकची, बिस्किटांची. ती धरून चालणाऱ्यांकडे जरा बघा. साठी-सत्तरीचे गृहस्थ श्वास रोखून, पावलं घासत, कोपरानं दार ढकलत येत असतात. खोक्यात स्पंजाच्या खाचेत एक विमान बसवलेलं असतं. त्याची एरियल वाटेत शाबूत राहिली की मोडली, हे झाकण उघडेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसतं.

तर हा स्केल मॉडेलं बनवणाऱ्यांचा क्लब. याला एकच एक पत्ता नाही. इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी १९६३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी अमेरिकेत पोचली, आणि आज तिच्या शाखा गावोगाव आहेत. गावं वेगळी, स्वभाव एकच. एकाशी ओळख झाली की दुसऱ्याकडे परकं वाटत नाही.

याचं बालपण दोन शिलिंगांत गेलं. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्हनं १९३९ मध्ये एअरफिक्स कंपनी काढली. ती आधी हवा भरायची रबरी खेळणी करायची, मग कंगवे करू लागली. १९४९ मध्ये तिनं फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायची म्हणून. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे शिडाचं जहाज सुट्या भागांत वूलवर्थच्या दुकानात आलं, तेही खोक्याऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत, कारण किंमत दोन शिलिंगांवर जाऊ द्यायची नव्हती. त्यानंतर स्पिटफायर हे लढाऊ विमान आलं. पुढची कित्येक वर्षं खाऊचे पैसे मुठीत धरून वूलवर्थकडे धावलेली पोरं आज या टेबलांभोवती चष्मा कपाळावर सरकवून बसलेली असतात.

भेटल्यावर हा तब्येत विचारत नाही. ‘स्केल काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. नुसतं ‘स्पिटफायर करतोय’ म्हटलं तर तो पुढचं ऐकायला थांबून राहतो. एकास बहात्तर म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा, आणि स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. एकास अठ्ठेचाळीस म्हणजे फुटाला पाव इंच. रणगाड्यांचं एकास पस्तीस मात्र कुठल्याच सरळ हिशेबात बसत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं पॅन्थर रणगाड्याचं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावायला हवे होते. ते मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजला, तर तो एकास पस्तीस भरला. सेलच्या जाडीवरून ठरलेलं ते माप पुढे जगभरच्या रणगाडेवाल्यांनी शिरोधार्य मानलं! आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असतो आणि मावळ्यापेक्षा वाघ. या क्लबला तसा किल्ला दाखवला तर तो आधी मनापासून कौतुक करील आणि मग मावळ्यापाशी उकिडवा बसून खिशातली पट्टी काढील.

त्याचा खरा अभिमान सांध्यात आहे. विमानाचं धड किटमध्ये उभ्या दोन फाकांत येतं. चिकटवल्यावर पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ उरते. तिच्यात पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासायची, प्रायमर मारायचा. प्रायमर चहाडखोर असतो, उरलेली रेघ लगेच दाखवतो. पुन्हा पुट्टी. घासताना आसपासचे रिव्हेट पुसले जातात, तेही पुन्हा टोचायचे. खऱ्या विमानावर पाच मिलिमीटरचं डोकं असलेला रिव्हेट एकास बहात्तरमध्ये ०.०७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीचा. एवढं सगळं झाल्यावर त्या जागी काहीच दिसत नाही. आणि काहीच दिसत नाही हे ओळखून मान डोलावणारं माणूस जगात फक्त या हॉलमध्ये भेटतं.

मला हा क्लब आवडतो तो यासाठी. मॉडेल बनवणं हे एकट्याचं काम आहे. मागच्या खोलीत, दिव्याखाली, चिमट्यानं, चार-चार महिने. झाल्यावर घरचे कौतुकानं बघतात, ‘छान झालंय हं’ म्हणतात आणि जेवायला वाढतात. त्यांचं काही चुकत नाही. पण इथे कुणीतरी टेबलापाशी गुडघे वाकवून डोळे पंखाच्या पातळीला आणतो, हात पाठीमागे बांधतो आणि पाच मिनिटं बोलत नाही. मग विचारतो, ‘सीटबेल्ट पितळी पत्र्याचे ना?’ कॉकपिट बंद केल्यावर ते सीटबेल्ट कुणाला दिसणार नाहीत हे बनवणाऱ्यानं कधीच मान्य केलेलं असतं. तो एक प्रश्न त्याला पुढच्या मॉडेलपर्यंत पुरतो.

हात मागे बांधण्याबद्दल हा फार कडक आहे. टेबलावरच्या वस्तूला बोट लावायचं नाही. स्पर्धेत परीक्षकसुद्धा छोटी टॉर्च घेऊन येतात आणि पंखाखाली, चाकांच्या खोबणीत उजेड टाकून बघतात. चाकं समोरून एका रेषेत आहेत का? चिन्हांच्या चिकटवलेल्या पापुद्र्याखाली, म्हणजे डीकलखाली, हवा अडकून चंदेरी झाक आली आहे का? नव्या माणसाचा हात पुढे गेला तर कुणी ओरडत नाही, फक्त आसपासचं बोलणं थांबतं. पाहुण्याला तेवढ्यानं कळतं.

सर्वांसमोर फजिती व्हायची याला मनापासून भीती वाटते, आणि तिचं एक ठरलेलं रूप आहे. ज्या विमानांना नाकाखाली चाक असतं, उदाहरणार्थ लाइटनिंग किंवा मिचेल बॉम्बर, त्यांच्या नाकात धड चिकटवण्याआधी वजन भरावं लागतं. शिसं, छर्रे, नट-बोल्ट, काय मिळेल ते. विसरलं की रंगवून पूर्ण झालेलं विमान टेबलावर ठेवताच शांतपणे शेपटीवर बसतं आणि नाक आभाळाकडे करतं. मग क्लबमधला प्रत्येक जण जवळ येऊन आपलं कुठलं विमान असं बसलं होतं ते सांगतो. एक जण खिशातून पारदर्शक प्लास्टिकची काडी काढून शेपटीखाली टेकू देतो. ती काडी त्याच्या खिशात का असते, हे विचारायची गरज पडत नाही.

याचा बाजारहाट बघितला तर दुकानदार बुचकळ्यात पडेल. नखं घासायच्या पट्ट्या. दात कोरायच्या काड्या. केसांवर मारायचा स्प्रे, कारण खालच्या रंगावर तो मारून वर दुसरा रंग दिला आणि ओल्या ब्रशनं घासलं की वरचा रंग खऱ्या रणगाड्यासारखा टवक्यांनी उडतो. विमानाच्या काचेसाठी त्यानं वर्षानुवर्षं जॉन्सनचं ‘क्लियर’ हे फरशीचं पॉलिश वापरलं. कॅनोपी त्यात बुडवून काढली की लखलखते. त्या पॉलिशचं मिश्रण बदललं तेव्हा जुन्या बाटल्या वारसाहक्कासारख्या जपल्या गेल्या. एरियलची तार मात्र तो विकत घेत नाही. ज्या प्लास्टिकच्या चौकटीत सुटे भाग येतात तिचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून अलगद ताणला की केसासारखा तंतू निघतो.

पण त्याचा स्वभाव सगळा उघड होतो तो रंगाच्या वादात.

विषय बहुतेकदा एकच: १९४०च्या उन्हाळ्यात स्पिटफायरच्या पोटाला नेमका कोणता रंग होता? हुकूम ‘स्काय’चा होता, फिकट हिरवट-निळसर. कागदोपत्री ‘स्काय टाइप एस’ लिहिलेलं सापडतं, आणि त्यातला ‘एस’ रंगाचा नसून गुळगुळीत पोताचा आहे, हे सांगायला कुणीतरी उठतोच. पण त्या उन्हाळ्यात रंगाचा तुटवडा होता आणि स्क्वॉड्रननी हाताशी असलेल्या डब्यांतून आपापली मिश्रणं केली. म्हणजे हिरवट खरं, निळसर खरं आणि पिवळटही खरं. एवढ्यानं वाद मिटायला हवा. तो इथून सुरू होतो. दुसरा म्हणतो, समजा अस्सल रंगाचा डबा सापडला, तरी तो जसाच्या तसा मारता येणार नाही. लांबून पाहिलेली वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते, आणि एकास बहात्तरचं मॉडेल हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं विमान बहात्तर हात अंतरावरून बघणं. तेव्हा रंगात थोडा पांढरा मिसळायला हवा. थोडा म्हणजे किती? यावर चहा गार होतो.

हवाई दलातून निवृत्त झालेला एखादा तंत्रज्ञ बऱ्याच क्लबांत असतो. तो हे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो की आमच्या धावपट्टीवर एका रांगेत उभी असलेली दोन विमानं कधी एका छटेची नसायची, ऊन-पाऊस त्यांना सारखं लागत नाही. सगळे आदरानं ऐकतात. मग त्यातला एक जण वही काढून त्याला विचारतो, ‘डावीकडचं कसं होतं?’

हा प्रश्न थट्टेचा नसतो. माहिती टिपून ठेवणं हा याचा धर्म आहे आणि त्यात तो देश बघत नाही. एअरफिक्सचं नॅट विमान इथल्या टेबलावर बहुतेक लाल रंगात दिसतं, कारण ब्रिटिशांच्या आठवणीत नॅट म्हणजे रेड अॅरोज पथकाची १९६५ ते १९७९ ची कसरतीची विमानं. आपल्या मनात नॅट म्हटलं की पाकिस्तानी सेबर जेट पाडणारं चिमुकलं विमान येतं आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर लढताना गेलेले, परमवीरचक्र मिळालेले निर्मलजीतसिंग सेखों येतात. एखाद्या भारतीय सभासदानं आपल्या हवाई दलाची चिन्हं लावलेलं नॅट त्या लाल रांगेत ठेवलं, तर क्लब खाली वाकतो, हात मागे बांधतो आणि विचारू लागतो. आकडे शेपटीवर कुठे होते? त्या वेळी रंग बदलले होते का? आणि पुढच्या बैठकीला दोघे-तिघे तरी जुन्या मासिकांतले फोटो त्याच्यासाठी घेऊन येतात. कौतुकाची याची रीत ही.

एक व्यसन आहे. बनवण्यापेक्षा हा जास्त विकत घेतो. माळ्यावर, पलंगाखाली, गॅरेजात न उघडलेल्या किटांच्या चळती असतात आणि त्या एका आयुष्यात पुऱ्या होणार नाहीत हे मालकाला पक्कं माहीत असतं. तरी दर बैठकीला सोडतीची तिकिटं निघतात आणि बक्षीस असतं आणखी एक किट.

या चळतींचा हिशेब एक दिवस क्लबलाच करावा लागतो. सभासद जातो. घरच्यांना त्या दोनशे खोक्यांचं काय करावं कळत नाही, कशाला काय किंमत आहे तेही कळत नाही. तेव्हा क्लबचे दोघे जण गाडी घेऊन जातात, एकेक खोकं उघडून भाग मोजतात, रास्त भाव लावतात, पुढचे काही महिने प्रदर्शनांतून विकतात आणि पैसे घरी पोचवतात. अर्धवट राहिलेलं मॉडेल मात्र सहसा विकत नाहीत. ते कुणीतरी पुरं करायला नेतो. त्याचा हात वेगळा असतो, पंखांवर ते ओळखू येतं, आणि तसं ते ओळखू येऊ देतात. या बाबतीत या क्लबला मी फार मानतो.

नोव्हेंबरमध्ये हा नटूनथटून इंग्लंडातल्याच टेलफर्डला जातो. तिथे सोसायटीचं ‘स्केल मॉडेलवर्ल्ड’ हे दोन दिवसांचं प्रदर्शन भरतं. देशोदेशीचे क्लब आपापलं टेबल मांडतात. याचं टेबल इतरांपेक्षा चांगलं दिसावं म्हणून महिनोन्‌महिने खल चाललेला असतो: कापड निळं की करडं, रणगाडे पुढे की जहाजं. पोचल्यावर मात्र हा स्वतःच्या टेबलापाशी फारसा सापडत नाही. दुसऱ्यांच्या टेबलांपुढे वाकलेला असतो.

या प्रदर्शनांत मुलांसाठी एक टेबल असतं. तिथे किट, गोंद, ब्रश, रंग दिले जातात. आपल्यामागे हे कोण करणार, ही काळजी याला कायम असते, म्हणून या टेबलावर तो आपली सर्वांत शांत माणसं बसवतो. समजा एका आठ वर्षांच्या मुलीनं स्पिटफायर जोडलं आणि गुलाबी रंग उचलला. आई ओशाळून म्हणणार, ‘अगं, विमान असं नसतं.’ झालं, तीन पांढरी डोकी एकदम वर होतात. असतं! ढगांखालून पहाटे आणि संध्याकाळी उडून फोटो काढणाऱ्या स्पिटफायरना दुसऱ्या महायुद्धात खरोखर फिका गुलाबी रंग दिलेला होता, त्या वेळच्या आभाळात तो मिसळून जायचा. एक जण संदर्भाचं पुस्तक आणायला धावतो. दुसरा सांगतो की ही छटा जराशी गडद होतेय, थोडा पांढरा घाल. मुलगी दोघांचंही ऐकत नाही. तिची चाकंसुद्धा गुलाबी करून झालेली असतात, आणि आता ती वैमानिकाच्या तोंडाकडे वळलेली असते.