जीए-०४ आणि जीए-११

गोव्यात समोरच्या गाडीचा नंबर पाहिला की तिचा तालुका कळतो. जीए-०४ म्हणजे डिचोली, जीए-११ म्हणजे पेडणे. माझे घर डिचोली तालुक्यात आणि आतेला दिलेली पेडण्यात, त्यामुळे हे दोन्ही नंबर आम्हाला घरचेच. पण जीए-०४ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही खनिजाचा टिपर येतो, आणि जीए-११ म्हटले की हल्ली एखादी चकचकीत महागडी गाडी. या दोन वाहनांमध्ये एक नाते आहे, असे मला गेल्या चवथीआधी आतेभावाच्या नव्या गाडीतून नार्व्याला जाताना वाटले.

गाडी लेक्सस एनएक्स ३५०एच. अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि सोबत विजेची मोटर. चार्जिंगची वायर नाहीच, गाडी आपली वीज आपणच तयार करते. टिपरची घरघर ऐकत वाढलेल्या आम्हाला हे प्रकरण नवे, तसे जगात जुनेच. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात आली आणि २००५ साली लेक्ससच्याच आरएक्स ४००एचने ही पद्धत आलिशान एसयूव्हीत आणली. आतेभावाची गाडी रस्त्यावर येईपर्यंत पाऊण कोटीच्या आसपास गेली, असे त्यानेच सांगितले. सांगताना आवाज थोडा खाली आणला होता, कारण मागे आते बसली होती.

अंगणातून गाडी निघाली तेव्हा इंजिन बंदच होते, नुसत्या मोटरवर ती सरकली. आतेने विचारले, "गाडी चालू आसा मरे?" सगळे हसलो. तिचेही खरेच होते. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने आवाज न करता निघालेले वाहन पाहिले ते होडीच.

धारगळला मोपा विमानतळाचा सहापदरी जोडरस्ता महामार्गाला मिळतो. पूर्वीचा एनएच सतरा, आताचा सहासष्ट. ११ डिसेंबर २०२२ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, २०२४ मध्ये जोडरस्ता खुला झाला. ज्या पेडण्याला पणजीची माणसे गोव्याचे मागचे दार समजत, ते एकदम पुढचे दार झाले. डोंगरांचे भाव कुठल्या कुठे गेले. २०२३ साली तालुक्याच्या झोनिंग आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो आराखडा बाजूला ठेवावा लागला. पण ज्याला विकायचे आहे आणि ज्याला घ्यायचे आहे, त्यांना आराखडा लागतोच असे नाही.

आतेच्या सासऱ्यांनी भाटकाराच्या डोंगरावर वर्षानुवर्षे बोंडू मळले, भट्टी लावली, आणि त्याच डोंगराचा एक तुकडा हप्त्याहप्त्याने विकत घेतला. त्यातला अर्धा दोन वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका माणसाला गेला. त्यातून घराचे छप्पर झाले, मुलीच्या शिक्षणाची तरतूद झाली, आणि ही गाडी आली.

कोलवाळच्या पुलावरून म्हापशापर्यंत गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. आतेभाऊ पडद्यावर मायलेज दाखवत होता, आणि त्याचा चेहरा जरा उतरलेला होता. जाहिरातीतला आकडा काही येत नव्हता. पण करासवाड्याला वळलो, थिवी, अस्नोडा करत मुळगावच्या वळणांना लागलो, तसा आकडा वर चढू लागला. त्याला वाटले पडदा बिघडला! त्याच्या मुलीने समजावले (ती इंजिनिअरिंगला आहे). महामार्गावर एका वेगात पळताना बहुतेक काम इंजिनच करते, मोटरला फारसा वाव नसतो. उतारावर, वळणावर, गुरे आडवी आली की ब्रेक लागतो. साध्या गाडीत ती शक्ती ब्रेकच्या उष्णतेत फुकट जाते. इथे चाके मोटरला फिरवतात, मोटरचे जनित्र होते आणि ती शक्ती बॅटरीत जमा होते. पुढच्या चढाला तीच कामी येते. म्हणजे गाडी घेतली महामार्गासाठी, आणि तिची खरी किंमत वसूल होते डिचोलीच्या जुन्या रस्त्यावर.

"म्हणजे खर्च केलेले परत मिळते?" आतेने विचारले.

"सगळे नाही आजी, थोडे."

डिचोली आली. या रस्त्यावर एके काळी टिपरांची रांग संपत नसे. २००० नंतर चीनला आमचे हलक्या प्रतीचे खनिजसुद्धा हवे झाले आणि घरोघरी बँकेचे कर्ज काढून ट्रक आले. २०१२ च्या सप्टेंबरात शहा आयोगाच्या अहवालानंतर सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे काही काळ त्या सुरू झाल्या, पण २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आमच्या वाड्यावर ट्रक अंगणात उभे राहून गंजले. टायरांत पावसाचे पाणी साचले. २०२२ च्या शेवटी खाणपट्टे लिलावात गेले आणि पुन्हा खनिज हलू लागले, पण ते दिवस काही परत आले नाहीत.

डिचोलीने डोंगर पोखरून ट्रक घेतले, पेडणे डोंगर विकून गाड्या घेते आहे. ट्रक निदान कमवायला घेतले होते, असे आम्ही डिचोलीकर म्हणू शकतो. पण तेही सगळे खरे नाही. ट्रकाचे हप्ते फिटले तरी विहिरी आटल्या आणि शेतात खाणीचा गाळ आला, तो कोणाच्या हिशेबात नव्हता.

पुढे मये. इथली बरीचशी जमीन मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे राहिली. ज्या घरात जन्मले, त्या घराखालच्या मातीवर आपले नाव लागावे म्हणून मयेकरांनी पाच दशके वाट पाहिली, तेव्हा कुठे २०१४ साली कायदा झाला. आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर लोक आपले नाव स्वतःहून काढून देतात. मी हे मोठ्याने बोललो नाही. ज्याची गाडी, त्याच्या गाडीत बसून असे बोलू नये.

नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ आता नव्याने उजळले आहे. जीर्णोद्धारानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. मूळ देव पलीकडे दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले, तेव्हा लोकांनी लिंग नदीपार आणले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथे देऊळ बांधवले. आते दीपस्तंभाजवळ बसली आणि म्हणाली, "देवाक जागो सोडचो पडलो तो जुलमान. आमकां कोणे सांगिल्लें?"

आतेभाऊ काही बोलला नाही. नंतर चहा पिताना मात्र तो मला म्हणाला, "काजूच्या मोसमात बोंडू वेचायला माणूस मिळत नाही. माकडे अर्धे खातात. भट्टी लावायला मी एकटा. तू येतोस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. लेख लिहिणे सोपे, मार्च महिन्यात डोंगर चढणे कठीण.

डोंगराचा दुसरा अर्धा तुकडा अजून आहे. एजंट महिन्यातून एकदा येतो. गोव्याच्या नागरी संहितेप्रमाणे वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, म्हणून त्या तुकड्यात आतेचा स्वतःचा अर्धा हिस्सा आहे आणि तिच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. पहिल्या वेळी तिने सही केली, मुलाच्या घराचे छप्पर गळत होते म्हणून. आता छप्पर गळत नाही.

तिने सही करावी की नाही, हे सांगणारा मी कोण? एवढेच वाटते की, गाडीच्या पडद्यावर जसे दिसते, किती शक्ती खर्च झाली आणि किती परत आली, तसा एक कागद सही करण्याआधी प्रत्येक घरात मांडावा. एका बाजूला छप्पर, शिक्षण, गाडी. दुसऱ्या बाजूला काजू, झरा, गुरांची वाट, आणि नातवंडांनी "आमचा डोंगर कुठला?" असे विचारले तर बोट कुठे दाखवायचे ते. पाऊण कोटीची गाडी दहा वर्षांनी किती लाखांची राहील, हेही त्यात लिहावे. मग खुशाल सही करावी, किंवा करू नये.

आतेने एजंटला चवथीनंतर ये म्हणून सांगितले होते. चवथ झाली. आता ती म्हणते, काजूचा मोसम होऊ दे.