तोफेऐवजी तण

यंदा अकरावीच्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाची कामं प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवायची ठरली आणि डिसेंबरात सूचनाफलकावर दोन याद्या लागल्या. पहिली गन कॅरेज फॅक्टरीची. १९०४ सालची ही फॅक्टरी, आज १५५ मिलिमीटरची धनुष तोफ जिथे तयार होते ती. दुसरी यादी अधारतालच्या बाजूला असलेल्या तण संशोधन निदेशालयाची. माझं नाव दुसऱ्या यादीत. मित्रांनी हसून विचारलं, "खुरपं घेऊन चाललास का?"

मला हसू आलं नाही. त्याआधी दोनच महिने डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं होतं. एका पानावर बाबांना ७४ दिसला, मला २१. लाल-हिरव्यातला फरक मला नीट कळत नाही. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, बाबा फौजेत, आणि मी सातवीपासून एनडीएची तयारी करणारा. परतताना बाबा स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत. एनडीए नाही तर मग काय, हा विषय तेव्हापासून आमच्या क्वार्टरमध्ये कुणी काढत नव्हतं.

निदेशालयात (हे १९८९ पासून जबलपुरात आहे, आणि मी तीन वर्षं या शहरात राहून मला माहीत नव्हतं) एका शास्त्रज्ञ मॅडमनी आम्हाला थेट गव्हाच्या वाफ्यात उभं केलं. म्हणाल्या, यात गहू किती आणि तण किती ते सांगा. सगळं सारखंच दिसत होतं. गुल्ली डंडा नावाचं तण लहानपणी गव्हासारखंच असतं, शेतकरीही फसतो. मॅडमनी एक रोप उपटून दाखवलं : "बुडाशी गुलाबी झाक दिसते ना? हा गुल्ली डंडा."

सगळे "हो" म्हणाले. मीही म्हणालो. पण मला काहीच दिसलं नव्हतं.

बाकीचे पुढे गेल्यावर मी मॅडमना खरं सांगितलं. त्या ना दचकल्या, ना त्यांनी कीव केली. खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि पान जिथे खोडाला मिळतं ती जागा बघायला सांगितली. गव्हाच्या पानाला तिथे दोन बारीक कान असतात, खोडाला मिठी मारल्यासारखे. गुल्ली डंड्याला ते नसतात, फक्त एक पातळ पांढुरका पडदा असतो. जंगली जईलाही कान नसतात, शिवाय तिचं पान गव्हाच्या उलट दिशेला पिळलेलं असतं. मी वीस रोपं ओळखली. एक चुकलं.

मग मी बरंच विचारलं. एवढं ओळखून करायचं काय? तर १९९० च्या दशकात हरियाणात हा गुल्ली डंडा आयसोप्रोट्यूरॉन या तणनाशकाला जुमानेनासा झाला. वर्षानुवर्षं तेच औषध मारल्याने त्याला दाद न देणारी रोपंच उरली आणि त्यांचंच बी पडत गेलं. कुठलं तण, कुठलं औषध, कधी आणि किती, हे शोधत राहणं हीच इथली नोकरी. त्यासाठी आधी चार वर्षांची कृषी पदवी, मग एमएससी, पीएचडी आणि कृषी शास्त्रज्ञांची स्पर्धा परीक्षा. "डोळ्यांचं काय?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नियम माझ्या तोंडून ऐकू नकोस. जाहिरात निघेल तेव्हा स्वतः वाच." खोटा धीर दिला नाही, ते मला आवडलं.

गाजरगवताचाही विषय निघाला. हे तण आपल्याकडे पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा त्याची पानं खातो आणि हे निदेशालय तो भुंगा ठिकठिकाणी पाठवतं. आम्हाला तो बघायला मिळाला नाही, कारण थंडीत तो जमिनीत दडून बसतो.

रात्री गावी फोन लावला. साताऱ्याकडे आमच्या बांधावर गाजरगवत माजलंय आणि त्याने आजोबांचे हात खाजून सोलवटतात. भुंग्याचं ऐकून आजोबा म्हणाले, "मग पाठव की दोन डबे!"

"आत्ता नाही, पावसाळ्यात. पण आजोबा, आधी बघून ठेवा, पानं कुरतडलेली दिसली तर भुंगे तिथे आलेलेच असतील."

"आणि तुझं एनडीए?"

बाबा समोर जेवत होते. मी म्हटलं, "आजोबा, मला रंग नीट दिसत नाहीत." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "भुंगा केवढा असतो रे?"

बाबांनी त्यावर अजून काही म्हटलेलं नाही. पण रविवारी दूध आणायला म्हणून निघाले, मला मागे बसवलं, आणि स्कूटर अधारतालला कृषी विद्यापीठाच्या फाटकाशी नेऊन उभी केली.