सब्जासाठी माती

मलिद्याच्या ताटात गोड पोहे नि फळे असली तरी वास घेऊन बेराखा म्हणायला आम्हाला सब्जा लागतोच. तू बिशवात मात्र ऐन थंडीत येतो! म्हणून न्यू जर्सीत आम्ही फालुद्याचेच बी खिडकीतल्या कुंडीत पेरले. पहिल्या वर्षी अंगणातली माती भरली. ती घट्ट बसली, पाणी धरून राहिली नि मुळे कुजली. मुलांनो, मुळांनासुद्धा हवा लागते!

आता दोन भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग परलाइट, एक भाग कुजलेले खत घेतो. परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच, तापवून लाह्यांसारखी फुलवलेली. कुंडीला भोक हवेच. माती बोटाला कोरडी लागली, तरच पाणी.

यंदा एलियाहू हनाबीच्या मलिद्याला सब्जा घरचाच होता.