पट्टा कुठे आहे?

समूहावर सगळे नोकरीच्या आठवणी लिहितात, म्हणून मीही एक लिहितो. मी बी.कॉम., उभा जन्म बँकेत गेला. जंगलाशी संबंध इतकाच, की वसुलीला जाताना ते वाटेत लागायचं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याची माझी नात कॉलेजच्या शिबिराला कवालच्या जंगलात आली. तिला खरं तर कर्नाटकात आगुंबेला जायचं होतं. तिथे रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये वर्षावनाचं केंद्र सुरू केलं, नागराजावर काम चालतं. ते जमलं नाही. फोनवर म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे काय, नुसता साग!"

खरंच आहे. आमचं जंगल पानझडीचं. साग, मोह, तेंदू, ऐन, बांबू. पण पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरचे वाघ नदी ओलांडून इकडे येतात. कवाल २०१२ साली व्याघ्र प्रकल्प झालं. तेव्हा ते सगळं एकट्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले.

एक दिवस मीही मुलांबरोबर गेलो. कामं साधीच होती, पण हातांनी करायची. दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालायचं, दिसलेलं जनावर लिहायचं, मध्ये मध्ये दोरीने वर्तुळ आखून आतली झाडं मोजायची. पुढे एक गोंड म्हातारा, माझ्याच वयाचा. गोंडी, तेलुगू आणि आपली मराठी, तिन्ही सारख्याच सहज बोलायचा. धुळीतला ठसा दाखवून म्हणाला, "नखं दिसतात का बघा. दिसली तर कुत्रं नाहीतर तरस. वाघ नखं आत ठेवून चालतो." पुढे एक विष्ठा काडीने फोडली, आत बोराच्या बिया. "अस्वल." मुलं भराभर वह्यांत लिहीत होती. नात एका मोहाखाली थांबली तेव्हा तो म्हणाला, "हे माझ्या आज्याचं झाड."

मी तिथेच उभा राहिलो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

१९८० च्या दशकात माझी बदली उटनूरच्या बाजूला होती. सरकारी योजनेतून बैलजोडीसाठी कर्ज द्यायचे दिवस. एक गोंड शेतकरी अर्ज घेऊन आला. मी विचारलं, "पट्टा कुठे आहे?" तो म्हणाला, "साहेब, बांधावरचा मोह माझ्या आज्याचा आहे. गावात कोणालाही विचारा." मी हसलो. बाकीचेही हसले. अर्ज परत केला. नियमाने चूक नव्हती, पण हसायचं कारण नव्हतं.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत मी वाचलं, की गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, जुनी विहीर, शेताचे बांध, हेसुद्धा पुरावे धरतात. म्हणजे तो माणूस त्या दिवशी पुरावाच सांगत होता. मला तो वाचता येत नव्हता.

रात्री नातीला हे सांगितलं. तिने विचारलं, "मग त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही बाळा. मी कधी विचारलंच नाही."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना माझी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला, आज झाडं तुम्ही मोजायची. हिशेब तुमचा चांगला आहे."

त्या वर्तुळात एकोणीस झाडं निघाली. प्रत्येकाचं नाव मी त्या म्हाताऱ्याला विचारून लिहिलं. शेवटी त्याचंही नाव विचारलं. वहीत पहिलं तेच लिहायला हवं होतं.

मंडळी, तुमची नातवंडं सुट्टीत आली तर एक दिवस त्यांना अशा माणसामागे चालायला पाठवा. जमलं तर तुम्हीही जा.